कुबल अण्णांचा दोर

बंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्याच्या गच्चीवर बारा महिने काहीतरी वाळत घातलेलं असतं. दोर, लोखंडी चौकटी, गमबूट, कधी नुसतीच पोती. जिन्याने वर येणारा माणूस सहज त्याला हात लावतो आणि विचारतो, "वाळलंय का?" नव्याने लागलेल्यांना वाटतं, हे कुठल्यातरी ऑडिटमध्ये लिहिलेलं असणार. मी त्यांना समजावायच्या भानगडीत पडत नाही. तो प्रश्न विश्राम कुबल यांचा आहे.

आमची कंपनी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या कारखान्यांसाठी गाळण्या आणि पाइप बनवते. समुद्र गाठायचा तर इथून रात्रभर बसमध्ये बसावं लागतं. पण होसूर रोडच्या धुरळ्यात, कँटीनमागच्या शेडमध्ये, आमचा स्वतःचा एक समुद्र आहे. निळ्या पिंपांतून ट्रकने खारं पाणी येतं आणि टाक्यांत भरलं जातं. मी पुण्याहून इथे डिझाइनच्या कामावर आले तेव्हा पहिल्याच सकाळी मला त्या शेडमध्ये धाडलं. तिथे एक बुटकेला, सावळा, पांढऱ्या मिशीचा माणूस टाकीत बोट बुडवून ते चाखत होता.

"ट्रकवाल्याने वाटेत नळाचं पाणी मिसळलंय," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पायांकडे पाहिलं. "या चपला घालून शेवटचं कुठे गेला होतात?"

मी म्हटलं, "अलिबागला. निघायच्या आधी मैत्रिणींबरोबर."

"पाण्यात उतरला होतात? वाळल्यात का?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी माझ्या चपला काढून घेतल्या, कढत पाण्याच्या बादलीत बुडवल्या आणि गच्चीवर नेऊन ठेवल्या. नोकरीचा पहिला दिवस मी अनवाणी काढला. चपला खऱ्या कोल्हापुरी होत्या. त्या संध्याकाळी परत मिळाल्या तेव्हा पापडासारख्या वळल्या होत्या, आणि पुन्हा कधी पायात गेल्या नाहीत. आठवडाभर मी या माणसाशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा खरा अपमान होता.

ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठचे. समुद्री जीवशास्त्र शिकलेले, आणि उभी नोकरी बंगळुरूत काढलेली. बायको मी त्यांना ओळखू लागण्याआधीच वारली होती, मुलं नव्हती. जयनगरात दोन खोल्यांत एकटे राहायचे. घरातलं मालवणी, ऑफिसातलं इंग्रजी आणि रस्त्यावरचं कन्नड अशी त्यांच्या बोलण्यात सरमिसळ होती. रिक्षात बसले की म्हणायचे, "स्वल्प निधान, अण्णा," म्हणजे जरा हळू. रिक्षावाला म्हणायचा, "सरी अण्णा." हे अण्णा-अण्णा जयनगरचा चौथा ब्लॉक येईपर्यंत चालू राहायचं, आणि रिक्षा होती तशीच सुसाट जायची.

त्यांच्या खिशात एक छोटं तिथीचं पंचांग असे. देवाधर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. कंपनीच्या बसमध्ये, सिल्क बोर्डच्या त्या कुप्रसिद्ध कोंडीत आम्ही अडकून पडलेले असायचो, पुढे नुसते लाल दिवे, आणि अण्णा पंचांग बघून शांतपणे सांगायचे, "आता आमच्याकडे सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. "बाय चिखलात उतरली असेल." अष्टमीला दुपारी सुकती, पौर्णिमेला संध्याकाळी. हळूहळू मलाही ते पाठ झालं. खिडकीबाहेर बी.एम.टी.सी.च्या बसचं चाक, आणि आत कुणाच्यातरी खाडीचं पाणी उतरतंय.

बाय म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सुलोचना. नवरा लवकर गेला. ती आणि गावातल्या काही बायका मिळून खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, वेचायच्या, कालवं फोडायच्या. पुढे त्यांनी बचतगट काढला आणि खाडीत बांबूचा तराफा बांधला. तराफ्याला दोर टांगायचे, दोरांना शिनाण्यांची पिल्लं बांधायची. शिनाणे म्हणजे ते हिरव्या कडांचे मोठे शिंपले, जे गोव्यात हॉटेलात भाव खाऊन जातात. पावसानंतर बांधायचे, उन्हाळ्यात काढायचे. त्या तराफ्यावर कितीतरी चुली पेटत होत्या. अण्णा हे सगळं अशा अभिमानाने सांगत, जणू बायने जहाजच बांधलं आहे. आमच्या पाइपांबद्दल मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नाही.

पाहुण्याची ओळख मला त्यांनीच करून दिली.

आमची एक चाचणी असते. वेगवेगळे रंग दिलेल्या पाट्या जाड दोराला बांधून एखाद्या बंदरात सोडायच्या, काही महिन्यांनी वर ओढायच्या, आणि कुठल्या रंगावर काय चिकटलं ते बघायचं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरातून अशा पाट्या ओल्या पोत्यात गुंडाळून आल्या. अण्णांनी पोतं उलगडलं आणि पाटी माझ्यासमोर धरली. पाटी दिसतच नव्हती. नखाएवढ्या काळपट, पट्टेरी शिंपल्यांचा नुसता थर. एकावर एक, त्यावर आणखी, प्रत्येकाने स्वतःच्या अंगातून धागे काढून शेजाऱ्याला घट्ट धरलेलं.

"हा इथला नाही," अण्णा म्हणाले. "अमेरिकेकडचा. जहाजाच्या पोटाला चिकटून, पोटातल्या पाण्यातून, असा हिंडत आला. मी याला पाहुणा म्हणतो."

"पाहुणा का?"

"घरात घेतला की कळतं."

त्यांनी मूठभर पाहुणे एका स्टीलच्या जेवणाच्या डब्यात टाकले, ओलसर फडक्याने झाकले, डब्याला झाकण लावलं आणि डबा आपल्या टेबलावर ठेवला. ना पाणी, ना हवा. आठवडाभर तो डबा तिथेच, फायलींच्या शेजारी. मी रोज त्याच्या जवळून जायचे आणि उगाचच दोन पावलं लांबून जायचे. पुढच्या सोमवारी त्यांनी झाकण काढून ते शिंपले खाऱ्या पाण्याच्या परातीत ओतले. मला वाटलं, आता वास सुटणार. आम्ही जेवायला गेलो. परत आलो तेव्हा परातीत त्यांनी तोंडं उघडली होती. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी. काहींनी परातीच्या स्टीलवर धागे टाकायला सुरुवातही केली होती.

"म्हणून विचारतो," अण्णा म्हणाले, "वाळलंय का."

दुसऱ्या वेळी एका किनाऱ्यावरच्या कारखान्यातून कापून आणलेला पाइपचा तुकडा आला. थंड करायचं पाणी येईनासं झालं होतं म्हणून त्यांनी तो कापला होता. बाहेरून बघाल तर माणूस रांगत जाईल एवढा पाइप. आतून माझा हात जेमतेम गेला असता. अण्णांनी मला खूण केली आणि पाइपच्या तोंडाला कान लावायला सांगितलं. आतून बारीक टिकटिक येत होती, ओल्या फटाक्यांच्या वातींसारखी, थांबून थांबून, सगळीकडून. सुकायला लागलेले हजारो शिंपले आपापली दारं घट्ट लावून घेत होते. मी कान काढला. अण्णा मात्र बराच वेळ तिथे वाकून ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचं कुतूहल असेल असं मला वाटलं होतं. होती ती भीती.

"पाइपचं काय, कापून नवा बसवतील," ते म्हणाले. "चिखलाला कोण कापणार? हा चिखलावर सतरंजीसारखा पसरतो. खाली तिसऱ्या. त्यांना ना श्वास, ना खाणं. एकदा बसला की उठत नाही गो."

तेव्हापासून ते मला अगंतुगं करू लागले, आणि मी त्या कोल्हापुरी चपलांचं दुःख सोडून दिलं.

त्यांचे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. समुद्राला लागलेली छोटी वस्तू कढत पाण्यात बुडवायची. बादलीत न मावणारी गोड्या पाण्याने धुऊन आठवडाभर कडक उन्हात टाकायची. एका बंदराची वस्तू अशी वाळल्याशिवाय दुसऱ्या बंदराला जायची नाही. आमचे मॅनेजर मूर्ती सर एकदा ग्राहकाच्या घाईपोटी ओल्याच चौकटी गाडीत भरायला निघाले, तर अण्णा गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसले. उतरेनात. शेवटी मूर्ती सरांनीच हात जोडले. आमच्या हिशेबी हा सगळा विक्षिप्तपणा होता. लोक त्यांच्या मागे त्यांची नक्कल करत. कँटीनमध्ये कुणी हात धुऊन आला की दुसरा विचारायचा, "वाळलंय का?" आणि सगळे खिदळायचे. मीही त्यात असायचे.

चाचणीतून निवृत्त झालेले दोर कंपनी भंगारात टाकायची. अण्णांचा जीव तुटायचा. तो दोर बाजारात मिळत नसे, आम्ही मुद्दाम वळून घेतलेला असे, अंगठ्यापेक्षा जाड, पांढऱ्या पेडांत एक केशरी पेड. कुजत नाही, तुटत नाही. बायच्या तराफ्याचे काथ्याचे दोर दर वर्षी कुजायचे. अण्णांनी रीतसर परवानगी काढली आणि दर दिवाळीला एक भेंडोळं गावी नेऊ लागले. आधी धुवायचं, मग गच्चीवर आठवडाभर. ऑफिसातले लोक दिवाळीला घरी मिठाई नेतात, अण्णा दोर नेतात, हाही एक विनोद होता.

ती दिवाळी मला नीट आठवते. ऑक्टोबरभर बंगळुरूत ऊन म्हणून पडलं नाही. पाऊसही धड नाही. नुसतं मळभ, मधूनच भुरभुर, आणि दिवसभर एक गार वारा. पूर्व किनाऱ्याचं काम नुकतंच संपलं होतं आणि दोरांचं मोठं भेंडोळं आलं होतं. अण्णांनी ते धुऊन गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला टांगलं. रोज दोनदा जाऊन बघायचे. गावाहून बायचा फोन चालू असायचा. पिल्लं आणून ठेवली आहेत, बांधायची वेळ टळली तर मरतील, दोर कधी आणतोस. बायका खोळंबल्या होत्या. जायच्या दिवशी मी वर गेले तेव्हा अण्णा दोर अंगठ्याने दाबत होते. इथे दाब, तिथे दाब. वाऱ्याने तो वरून अगदी कोरडा, खडखडीत लागत होता.

"वाळलंय," ते म्हणाले.

उत्तर म्हणून तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी भेंडोळं आपल्या कापडी पिशवीत कोंबलं, पिशवी खांद्याला लावली आणि रिक्षा थांबवली. "स्वल्प बेगा, अण्णा," म्हणाले. त्यांना घाईत मी तेव्हा पाहिलं, आणि तेवढंच.

त्या हंगामात काहीच वावगं झालं नाही. शिनाणे चांगले आले. पुढच्या हंगामात तर बायच्या फोनमध्ये आनंद मावत नव्हता. त्या वर्षी पिल्लं विकत आणायची वेळच आली नाही. अण्णांच्या दोराला पिल्लांचं बी आपोआप लागलं होतं. खूप लागलं होतं. दोर दोघींना उचलत नव्हता. अण्णा ऑफिसभर सांगत सुटले. एरवी चहाचा कपसुद्धा मोजून पिणारा हा माणूस कँटीनमध्ये सगळ्यांना मैसूरपाक वाटत होता. "बायचा हात चांगला," म्हणत होते. बाय म्हणत होती, भावाचा दोर चांगला. भाऊ-बहिणीचं हे एकमेकांवर श्रेय ढकलणं ऐकायला फार गोड वाटायचं.

बायकडून दर वर्षी रात्रीच्या बसने एक पार्सल यायचं. कालवांचं लोणचं, सुकवलेल्या तिसऱ्या, कोकमाची सोलं. ते उघडायला अण्णा मला जयनगरला बोलवायचे, कारण एकट्याने पार्सल उघडणं त्यांना बरं वाटत नसे. त्या रविवारी त्यांनी भात लावला होता, गेल्या वर्षीच्या तिसऱ्यांचं सुकं, खोबरं भाजून, कढईत शिजत होतं. ओट्यावर आम्ही पार्सलची सुतळी कापली. लोणच्याची बरणी, सोलं, आणि खाली केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी जड. वर बायने चिठीबिठी काही ठेवली नव्हती. आदल्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली होती, की या बीचा रंग जरा वेगळा दिसतो, वाढतही नाहीत, कुठली जात ते बघून सांग.

अण्णांनी पान उलगडलं.

ती हातभर दोराची गाठ होती. काळपट, पट्टेरी, नखाएवढे शिंपले, थरावर थर. मी ओळखलं. मी काही जीवशास्त्र शिकलेले नाही, पण परातीतली ती तोंडं मी विसरले नव्हते. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी गॅस बंद केला. चष्मा पुसला. मग सुरीच्या टोकाने दोराचे पेड एकेक करून उकलायला लागले. वरचे शिंपले लहान होते. आतले मोठे होते. केशरी पेडाच्या अगदी पोटात, जिथे बाहेरून काही शिरायला जागाच नव्हती, तिथे सर्वांत जुने बसले होते, पेडाचा आकार घेऊन चपटे झालेले. दोराच्या पोटात ओल राहिली होती. ते तिथे बंगळुरूहूनच बसून गेले होते.

"आतून वाळला नव्हता," अण्णा म्हणाले.

मी काहीतरी बोलले. बोटींतून आला असेल, जहाजांतून आला असेल, असं काहीबाही. त्यांनी मान हलवली. "बोटीतून कधीतरी आलाच असता. पण आला माझ्या पिशवीतून."

ओट्यावर गाठ सुकू लागली होती आणि तिच्यातून ती बारीक टिकटिक सुरू झाली. अण्णांनी फोन उचलून बायला लावला आणि स्पीकर चालू करून लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. बहुधा एकट्याने ऐकायचा धीर नव्हता.

"बाय, तां बी न्हय," ते म्हणाले. "तो वायट शिंपलो. दुसऱ्या मुलखातलो. माझ्या दोरातसून इलो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग बाय हसली.

"रे, काय्येक काय सांगतंस? तुझो दोर सगळ्यात बरो. दोराक कित्या नावां ठेवतंस?"

"बाय, ऐक. सगळे दोर भायर काढ. आजच. उन्हात टाक. एक पण पाण्यात ऱ्हवता नये."

"सगळे खंय आसत हंय?" बाय म्हणाली. तिचा आवाज अजून कौतुकाचाच होता. "पलीकडल्या खाडीतल्या बायकांनी मागल्यानी. तुझ्या दोराक आपसूक बी लागता, म्हणान सगळीकडे झाला. अर्धो तेंका दिलंय. म्हयनो झालो."

"सुकवन दिलंस?"

"सुकवन कित्या? बी मराची नाय? पाण्यातसून काढलंय नि ओलोच होडयेत घातलंय."

अण्णा खाली बसले. ओट्याला पाठ लावून, फरशीवरच. बाय वरून "रे, आसंस मा? आवाज येना नाय," असं विचारत राहिली, शेवटी मीच फोन बंद केला. एवढ्या वर्षांत या माणसाने किती लोकांच्या चपला, बूट, चौकटी, छत्र्या वाळवल्या, आणि हे त्याच्याच बहिणीच्या हातून, त्याच्याच प्रेमापोटी झालं, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. तिसऱ्यांचं सुकं कढईत तसंच राहिलं. ते नंतर कुणी टाकलं, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्ती सरांनी त्यांची समजूत घातली. "कुबल सर, टेन्शन मत लीजिए. देशभर पसरतंय ते, कोण सिद्ध करणार कुठून आलं?" मनाने बरा माणूस, धीर द्यायला म्हणून बोलला. "सिद्ध मी केलं ना सर," अण्णा म्हणाले. संध्याकाळच्या बसने ते गावी गेले. पिशवीत खरवडायच्या पट्ट्या, जाड हातमोजे आणि ते तिथीचं पंचांग होतं.

महिन्याभराने एका सकाळी गेटवरून फोन आला. कुबल सर आलेत पण आत येत नाहीत, म्हणे. मी खाली गेले. अण्णा गेटाबाहेरच्या नळाशी बादलीत पाय घालून उभे होते. कँटीनमधून कढत पाणी मागवून घेतलं होतं. वाळून अर्धे झाले होते. पोटऱ्यांवर, पावलांवर, बोटांच्या बेचक्यांत बारीक बारीक चिरा होत्या, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. शिंपल्यांच्या कडांनी कापलेलं होतं.

"चिखलात पाय ठेवता येत नाही," ते म्हणाले. "बायकांचे पाय माझ्यापेक्षा वाईट. खरवडतो तिथे पाहुणा पुन्हा धरतो. तिसऱ्या खाली काळ्या पडल्यात, उघड्या पडतात, वास येतो. तराफा वजनाने एका अंगाला बुडला."

"आणि पलीकडची खाडी?"

"तिथेही बसलाय. अजून बारीक आहे."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "बाय काय म्हणते?"

"वाढते जेवायला. दोराबद्दल चकार शब्द काढत नाही. सुकतीच्या वेळेला उठते, टोपली घेते, काठापर्यंत जाते आणि टोपली मांडीवर घेऊन बसून राहते. भरती लागली की घरी येते." त्यांनी बादलीतून एक पाय काढला, दुसरा काढला. "चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं गो."

ते शेडची किल्ली आणि गळ्यातलं कार्ड परत करायला आले होते. पण कार्यालयात यायला तयार होईनात. किल्ली माझ्या हातात दिली, तीसुद्धा आधी कढत पाण्यात बुडवून, आणि बाहेरच्या लोखंडी जिन्याने सरळ गच्चीवर गेले. चपला काढून उन्हात उपड्या ठेवल्या. ती कापडी पिशवी, दोर नेलेली, तीच, उलटी करून कठड्यावर पसरली. मग स्वतःही तिच्याशेजारी उन्हात उभे राहिले, अनवाणी, हात अंगापासून थोडे लांब धरून. खालच्या मजल्यावर कुणीतरी नेहमीच्या सवयीने विनोद करायला गेलं, पण पुढे कुणी हसलं नाही.

दुपारी मी जेवायला बोलवायला गेले. "चला ना अण्णा, भात निवतोय."

"तू जेव," ते म्हणाले. "मी अजून आतून ओला आहे."

मला रडू आलं. मी तिथे उभी राहून रडले, आणि त्यांनी मला उगी म्हणून पाठीवर हात ठेवला नाही. हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला, तेवढं मी पाहिलं.

कंपनीची बस सुटली तेव्हा मी खिडकीशी बसले होते. होसूर रोडवर नेहमीची कोंडी, बस गेटाच्या तोंडाशीच अडली. वर गच्ची दिसत होती. ऊन केव्हाच उतरलं होतं. अण्णा कठड्याशी वाकून पिशवीची शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवत होते, आत बघत होते, थोडं पुढे सरकून पुन्हा फाकवत होते. त्या दिवशी पौर्णिमा होती. त्यांच्या खाडीत सुकती लागली असणार, आणि चिखलात उतरायला कुणी नसणार.